पिवळं पडणारं अंगण

मंठ्यातून जालन्याकडे, लोणारकडे नाहीतर परतूरकडे बाहेर पडलं की रस्त्याकडेच्या शेतांत प्लॉट पडलेले दिसतात. कालपरवापर्यंत जिथे कापूस आणि सोयाबीन होतं, तिथे आता स्लॅबची घरं उभी राहतायत. घर झालं, वास्तुशांत झाली, की उरलेल्या पैशांत घरापुढचं करायचं ठरतं. गेटपासून पायरीपर्यंत रंगीत पेव्हर ब्लॉक, एका अंगाला लॉन, कडेने पामची चार झाडं. ठेकेदार मोबाइलवर पुण्या-मुंबईकडच्या बंगल्यांचे फोटो दाखवतो आणि काम पंधरवड्यात उरकतं. मग दोन पावसाळे जातात. ब्लॉक एका ठिकाणी फुगून वर येतात, दुसऱ्या ठिकाणी खचून पाणी धरतात. लॉन एप्रिलात टँकरच्या बिलात दिसते. पाम उभे असतात, पण झावळ्यांची टोकं करपलेली.

यात ठेकेदाराची चूक अर्धीच. बाकी अर्धी चूक जमिनीची ओळख न करून घेण्याची आहे.

जुन्या लोकांनी ती करून घेतली होती. मराठवाड्यातलं जुनं गाव बहुधा पांढरीवर वसलेलं असतं आणि काळी शेतीसाठी राखलेली असते. काळ्या मातीत स्मेक्टाइट गटाची चिकणमाती असते. तिचे कण पाणी पिऊन फुगतात आणि वाळले की आकसतात. एप्रिल-मेमध्ये काळ्या रानातल्या भेगांत अख्खा हात जातो. कोरडवाहू शेताला हा स्वभाव मानवतो, कारण भेगांतून पहिला पाऊस खोल उतरतो आणि माती तो ओलावा रब्बीपर्यंत धरून ठेवते. भिंतीला आणि फरशीला मात्र तो अजिबात मानवत नाही. जमीन दरवर्षी श्वास घेतल्यासारखी वरखाली होते आणि वर जे टाकलंय ते तिच्याबरोबर हलतं. गावठाण भरलं, वस्ती पांढर सोडून काळीवर सरकली, पण बांधकामाची रीत तीच राहिली. अंगणाचं दुखणं तिथून सुरू होतं.

आधी खड्डा

म्हणून अंगण आखण्याआधी मजुराकडून प्लॉटच्या दोन कोपऱ्यांत तीन-तीन फुटांचे खड्डे खणून घ्यावेत. मंठ्याच्या परिसरात दोन गोष्टी सापडू शकतात. माळाकडची जागा असेल तर फूटभर मातीखाली मुरूम लागतो, आणि मग तुम्ही नशीबवान. ओढ्याकडची, सखल जागा असेल तर तीन फुटांवरही काळीच असते, कधी तिच्यात चुनखडीचे पांढरे खडे दिसतात. पहिल्या जागेत मुरूम उघडा करून त्यावरच फरशीचं काम उचलता येतं. दुसऱ्या जागेत सगळी काळी काढणं परवडत नाही. तिथे फरशीपुरती दीड-दोन फूट माती काढावी, सहा-सहा इंचांच्या थरांनी मुरूम भरावा आणि प्रत्येक थरावर पाणी मारून धुमस करावी. दोन फूट मुरूम एकदम ओतून वरून रोलर फिरवला, तर वरचे सहा इंच बसतात आणि खालचे पुढच्या पावसाळ्यात बसतात. निघालेली काळी फेकू नये, ती झाडांच्या आळ्यांना लागते.

घराला लागून असलेला तीन-साडेतीन फुटांचा पट्टा मात्र वेगळा समजायचा. तिथे दरजा सिमेंटने पक्क्या भराव्यात आणि बाहेरच्या बाजूला ढाळ द्यावा, मीटरमागे दोन सेंटिमीटर तरी. हा पट्टा सजावटीसाठी नाही. पायाजवळची माती वर्षभर साधारण एकसारख्या ओलीत राहावी, एका बाजूने भिजून आणि दुसऱ्या बाजूने वाळून भिंतीला तडा जाऊ नये, एवढ्यासाठी तो आहे. अनेक बंगल्यांत नेमका याच पट्ट्यात फुलझाडांचा वाफा असतो आणि त्याला रोज पाइपने पाणी. खिडकीखालची तिरकी चीर कुठून आली, याचं उत्तर तिथे मिळतं. मोठी झाडंही काळीत घराला खेटून नकोत. कडुनिंबाची मुळं उन्हाळ्यात पायाजवळचा ओलावा ओढतात आणि जमीन एका अंगाने बसते. सहा-सात मीटरचं अंतर मिळत नसेल तर घराजवळ पारिजातक, तगर, आपटा अशी बेताची झाडं घ्यावीत.

विहिरीचा दगड

मंठ्याला दगड बाहेरून आणावा लागत नाही. दख्खनच्या पठारावर साडेसहा कोटी वर्षांमागे लाव्ह्याचे थरावर थर पसरले, त्यातलाच हा मुलूख. उत्तरेला लोणारचं विवर आहे. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचा तो खळगा उल्का आदळून याच काळ्या बेसॉल्टमध्ये पडला. विवराच्या कडेला या खडकाचे थर जसे उघडे दिसतात, तसेच ते आपल्या विहिरीतही दिसतात, फक्त आपण तिथे पाणी किती आहे तेवढंच बघतो. वर काळी, मग चुनखडीची माती, मग मुरूम, मग मांजऱ्या खडक, आणि शेवटी सुरुंगाशिवाय न फुटणारा काळा कातळ.

हा सगळा माल वर येतो आणि विहिरीच्या काठावर ढीग होऊन पडतो. घरगुती अंगणासाठी या ढिगासारखी खाण नाही. त्यात तीन जातींचा दगड निघतो. घट्ट, निळसर काळा, हातोडी मारली की खणखणीत वाजणारा, हा पायऱ्यांना आणि बैठकीला. बारीक भोकांचा, भोकांत पांढरे स्फटिक भरलेला, हा भिंतीच्या दर्शनी भागाला. ते स्फटिक झिओलाइट गटाचे असतात आणि जालना परिसराचे असे नमुने देशोदेशीच्या संग्राहकांकडे गेलेत. आपण मात्र ते खडी करून रस्त्याखाली घालतो. तिसरा मऊ, पिवळट, नखाने खरवडला तर भुगा देणारा. तो कितीही सुरेख आकाराचा असला तरी घ्यायचा नाही, दोन पावसाळ्यांत त्याची माती होते. माळावर सापडणारे गोल गोटे हे चौथं प्रकरण. कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर सुटत सुटत आत उरलेला तो घट्ट गाभा असतो. ते जमिनीवर नुसते ठेवले तर ट्रकमधून पडल्यासारखे दिसतात. तिसरा हिस्सा जमिनीत गाडला, की जागेवरचेच वाटतात.

दगड निवडण्याइतकंच दगड बसवणारा निवडणं महत्त्वाचं. सिमेंटच्या कामात मुरलेला गवंडी दगडाला मसाल्यात बुडवतो. जातिवंत पाथरवट आधी दगड फिरवून पाहतो, त्याचं तोंड कुठलं, बूड कुठलं, शिर कुठून जाते, मग दोन टाके घालतो आणि ठेवतो. ठेवलेला दगड पायाने डुलवून बघितल्याशिवाय पुढचा उचलत नाही. फूटभर लांब, रुंद आणि उंच असा घडीव बेसॉल्ट ऐंशी किलोंच्या पुढे भरतो, त्यामुळे चुकीच्या जागी ठेवलेला दगड परत उचलायची हौस कुणालाच नसते. वडार समाजाच्या कितीतरी कुटुंबांच्या हातात हे कसब पिढ्यान्‌पिढ्या आहे. क्रशर आल्यापासून या हातांना गिट्टीखेरीज काम उरलं नाही. तुमच्या पायरीचं काम त्यांना विचारून बघा, ठेकेदाराच्या कॅटलॉगमध्ये ते सापडायचं नाही.

शहाबादी फरशीलाही नावं ठेवायचं कारण नाही. कलबुर्गी जिल्ह्यातलं शहाबाद आणि आपला मराठवाडा 1948 पर्यंत एकाच निजामी राज्यात होते आणि ही फरशी आपल्याकडे घरोघर रुळलेली आहे. ती चुनखडीच्या खडकाची असल्यामुळे चिंचेचं किंवा लिंबाचं पाणी सांडलं की पांढरा डाग धरते आणि उघड्यावर काही वर्षांनी तिचे पापुद्रे सुटतात. बेसॉल्टला आम्लाची फिकीर नसते. पण काळा दगड दुपारी इतका तापतो की अनवाणी पाय ठेववत नाही आणि रात्री दहापर्यंत ऊब सोडत राहतो. त्यामुळे प्रश्न दगडाच्या जातीपेक्षा सावलीचा होतो. बसायची फरशी घराच्या पूर्वेला असावी. दुपार कलली की घरच तिला सावली देतं आणि सहाला बाज टाकण्याजोगी ती निवते. पश्चिमेला फरशी केली तर ती फक्त जानेवारीत कामाची.

फरशी कशासाठी वापरली जाणार आहे, हेही फोटो बघून ठरत नाही. इंग्रजी पुस्तकातल्या पॅटिओवर लोक खुर्च्या मांडून जेवतात. आपल्याकडे मार्चमध्ये तिथे कुरडया, सांडगे, मिरच्या आणि डाळी वाळत घालायच्या असतात. दगडाच्या मोकळ्या, खोल दरजांमध्ये गहू गेला की तो शोधत बसावं लागतं. तेव्हा एक तुकडा तरी गुळगुळीत आणि सलग असावा, उरलेला ओबडधोबड चालेल. आणि लग्न अंगणातच लागणार असेल, तर फरशी घालतानाच चार कोपऱ्यांत लोखंडी पाइपचे तुकडे उभे पुरून वर झाकण घालावं. नाहीतर मांडवाची पहिली मेढ पहारीने तुमची फरशी फोडूनच उभी राहते. तुळशीच्या वृंदावनापुढे सडा-रांगोळीला हातभर जागा कोरी सोडायची, हे कुठल्याही घरात सांगावं लागत नाही, पण नकाशावर ते कधीच नसतं.

आपले वाडे हे सगळं सांभाळून होते. ढाळजेतून आत आलं की चौक, चौकाला तिन्ही-चारी बाजूंनी ओसरी, वर पांढऱ्या मातीचं माळवद, मागे परस, परसात आड. चौकाच्या दगडांवर दिवेलागणीला पाणी शिंपडलं की हवा गार व्हायची. स्पेनमधलं कोर्दोबा हे असंच समुद्रापासून दूर, उन्हाळ्यात चाळिशी ओलांडणारं गाव. तिथल्या घरांच्या पोटातही असे चौक आहेत, पांढऱ्या भिंती, कुंड्या आणि मधे विहीर किंवा कारंजं. दरवर्षी मेमध्ये लोक आपले चौक पाहुण्यांना उघडे करतात आणि 2012 मध्ये या उत्सवाला युनेस्कोच्या वारसा यादीत जागा मिळाली. आपण मात्र चौकावर स्लॅब टाकला, उघडी जागा घराबाहेर ढकलली आणि तिथे उन्हाला थेट तोंड दिलं. प्लॉटच्या घरात वाडा परत आणता येत नाही. पण एल आकाराचं घर, कोपऱ्यात फरशी आणि पश्चिमेला एक आडवी दगडी भिंत, एवढ्यात चौकाचा अर्धा गुण मिळतो.

पाण्याचा हिशेब

जालना जिल्ह्याचा पाऊस सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तो बहुतेक चार महिन्यांत पडून जातो. शंभर चौरस मीटरच्या स्लॅबवर सातशे मिलिमीटर म्हणजे 70,000 लिटर. गळती, बाष्पीभवन आणि पहिला धुवा सोडला तरी 56,000 हाती लागतात. आता उलटी बाजू बघा. पन्नास चौरस मीटरच्या लॉनला उन्हाळ्यात रोज सहा मिलिमीटर पाणी धरलं तर 300 लिटर होतं. मार्च ते मे या तीन महिन्यांचं 27,000. म्हणजे पाच हजार लिटरच्या टँकरच्या पाच खेपा आणि वर दोन हजार. 2012-13 च्या दुष्काळात याच जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या मोसंबीच्या बागा वाळून सरपण झाल्या. जालन्याची मोसंबी भौगोलिक मानांकन मिळालेलं फळ आहे, ते सोडून दिलं आणि घरापुढची लॉन जगवली, याला माझ्या लेखी सौंदर्यदृष्टी म्हणत नाहीत.

जालना तालुक्यातल्या कडवंचीने 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर, बांध आणि नालाबंदिस्ती केली. पुढे शेततळी आली आणि गाव द्राक्षांवर गेलं. त्यांनी डोंगरउतारावर जे केलं ते दोनशे चौरस मीटरच्या प्लॉटवर करता येतं, फक्त माप बदलतं. स्लॅबचं पाणी उंच कोपऱ्यात उतरवायचं, फरशीच्या ढाळाने ते दगडी पन्हाळीत घ्यायचं, पन्हाळीतून एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात आणि शेवटी गेटजवळच्या सखल वाफ्यात. रस्त्यावर जाईल ते फक्त हा वाफा भरून उरलेलं.

वाफे उंच करायचे की खोल, याचं उत्तर आपल्याच मुलखात आहे. छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्यात चालायच्या वाटा उंच आणि वाफे खाली आहेत, ही चारबागेची जुनी रीत. पाणी वाटेवरून वाफ्यात उतरतं आणि तिथेच मुरतं. उंच वाफे हे ओल्या देशांचं साधन, तिथे पाणी घालवायचं असतं. आपल्याकडे मुरमाड जागेत खोल वाफा बिनधास्त करावा. काळीत मात्र सप्टेंबरची झड आठवडाभर साचते आणि मुळं कुजतात, म्हणून खोल वाफ्याला एका कडेने सांडवा ठेवायला विसरू नये. मोरीच्या पाण्याची सोय परसात होतीच: केळ, अळू, कर्दळ. ती मोडून ते पाणी गटारात सोडायचं आणि केळीला नळाचं द्यायचं, हे अलीकडचं शहाणपण.

हिरवी नसलेली बाग

झाडांकडे मी शेवटी आलो, कारण बहुतेक जण तिथून सुरुवात करतात.

1870 मध्ये विल्यम रॉबिन्सनने 'द वाइल्ड गार्डन' हे पुस्तक लिहिलं. कातरलेल्या, रांगेतल्या इंग्लिश बागेवर तो चिडलेला होता. काटक रोपं लावा आणि ती आपापली वाढू द्या, असा त्याचा आग्रह. त्या वाटेने पुढे गेलेला आजचा सगळ्यांत मोठा माणूस म्हणजे नेदरलँड्सचा पीट औडॉल्फ. न्यूयॉर्कच्या बंद पडलेल्या उन्नत रेल्वेमार्गावर 2009 मध्ये खुल्या झालेल्या हाय लाइन उद्यानाची लागवड त्याची. गवतं आणि बोंडं हिवाळ्यात वाळून तपकिरी झाली तरी तो ती कापू देत नाही. वाळलेली काडीही बागेचाच भाग, असं त्याचं म्हणणं. त्यांचा जो हिवाळा तो आपला उन्हाळा. झाडंझुडपं थंडीने नाही तर पाण्यावाचून विसावतात, एवढाच फरक. मंठ्याचा माळ डिसेंबरपासून सोनेरी पडत जातो आणि मेमध्ये त्याला कुणी मेलेला म्हणत नाही. अंगणातलं गवत पिवळं झालं की मात्र शेजारी विचारतात, पाणी नाही का देत? या प्रश्नाला न बिचकणं हीच अशा बागेची पहिली अट आहे.

दगड बारमाही उभा असतो, म्हणून झाडांना हंगामी असायची मुभा मिळते. मग जून ते नोव्हेंबर हिरवं, पुढे पिवळं, आणि त्या पिवळ्यावर फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस आणि पांगारा, एप्रिल-मेमध्ये बहावा. सावलीसाठी कडुनिंब किंवा करंज. दोन्ही उन्हाच्या तोंडावर नवी पालवी धरतात, त्यांना दुसऱ्या-तिसऱ्या वर्षानंतर पाणी लागत नाही. खालच्या थराला तरवड, निरगुडी, अडुळसा आणि कडेने कोरफड. ही चारही नावं मी आणखी एका कारणाने घेतो: शेळ्या त्यांना सहसा तोंड लावत नाहीत. मंठ्यात गेट उघडं राहिलं तर बागेचा खरा परीक्षक तासाभरात येऊन जातो.

गवतांत मारवेल आणि पवना घ्यावं. रोशा घेतला तर पान चुरगळताच वास येतो, बसायच्या जागेजवळ तो हवाच. कुसळी दिसायला देखणी, वाऱ्यावर तांबूस लाट उठते, पण तिची कुसळं धोतरात-साडीत आणि जनावरांच्या कातडीत घुसतात. तिला कुंपणापलीकडेच राहू द्यावं. पावसाळ्यात मधल्या जागा तेरडा आणि कुर्डूने भराव्यात. कुर्डूला शेतात तण म्हणून उपटतात, पण त्याचे गुलाबी-पांढरे तुरे महिना-दीड महिना टिकतात आणि कोवळ्या पानांची भाजी होते. दोन्ही एकदा आली की पुढच्या वर्षी आपलं बी आपणच पेरतात. मोगरा आणि जाई हवी असेल तर ती मोरीच्या पाण्याच्या हद्दीत, तिथल्यापुरती.

याच जिल्ह्यात घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव, साल 1608. त्यांच्या 'बाग प्रकरणा'त झाडांची, वेलींची, फळाफुलांची लांबच लांब यादी आहे. रोपवाटिकेत जाण्याआधी एकदा वाचावी. त्यातल्या किती गोष्टी रोपवाटिकेत मिळत नाहीत हे बघून जरा लाज वाटते. बहुतेक रोपवाटिकांत कोनोकार्पस रांगेने उभा असतो. तो भराभर वाढतो हे खरं, पण गुजरातने 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली, हेही विकणाऱ्याने सांगायला हवं. देशी रोपं हवी असतील तर वन विभागाच्या रोपवाटिकेत आणि परभणीच्या कृषी विद्यापीठात विचारावं, नाहीतर सरळ माळावरून बी गोळा करावं. तरवडाच्या शेंगा डिसेंबर-जानेवारीत हाताला लागतात.

निसर्गासारखी बाग म्हणजे काही न करणं, असा समज झाला तर पहिल्याच पावसाळ्यात गाजरगवत तुमच्या जागेचा मालक होतो. 1950 च्या दशकात पुण्याकडे पहिल्यांदा नोंदलं गेलेलं हे परदेशी तण आज प्रत्येक पडीक प्लॉटवर आहे. पहिली दोन वर्षं तुम्हाला आठवड्याला खुरपं घेऊन बसावंच लागेल. गाजरगवत आणि घाणेरी फुलावर यायच्या आत मुळासकट काढायची, तीही हातमोजे घालून, कारण गाजरगवताने अनेकांच्या अंगाला खाज सुटते. तिसऱ्या वर्षी मारवेलीने जमीन धरली की काम निम्म्यावर येतं.

दुसरी भीती सापविंचवांची, आणि ती खोटी नाही. कोरड्या रचाईच्या भिंतीत विंचू राहतो, उंच गवतात घोणस येऊ शकते. म्हणून घराभोवतीचा तो साडेतीन फुटांचा पक्का पट्टा इथेही उपयोगी पडतो: त्यावर कुंडी नाही, दगडांचा ढीग नाही, सरपण नाही. घरालगतच्या भिंतीच्या दरजा चुन्या-सिमेंटने भरून घ्याव्यात, कोरडी रचाई कुंपणाकडे. गवत चालायच्या वाटेपासून हातभर मागे आणि वाटेवर रात्री दिवा.

वाळलेलं गवत पेट घेतं, हे होळीच्या दिवसांत लक्षात ठेवावं. रस्त्याकडेची पट्टी फेब्रुवारीतच कापून टाकावी. आतलं मात्र मेअखेरपर्यंत उभं राहू द्यावं, बी त्यातूनच जमिनीवर पडतं आणि मुनियांचे थवे त्यावरच उतरतात. वळवाचा पहिला पाऊस झाला की विळ्याने चार बोटं ठेवून सगळं कापायचं आणि झाडांच्या आळ्यांत अंथरायचं. त्यात कुठे फुललेलं गाजरगवत राहिलं असेल तर ते आधी वेगळं काढायचं, नाहीतर आळ्यात तेच उगवतं.